नवा तुरुंग नको, आधी वाडीचा पट्टा द्या

(१५ नोव्हेंबर २०२४, बिरसा मुंडा जयंती. गव्हाण परिसरातल्या वाड्यांच्या बैठकीत संघटनेच्या तरुण गटाच्या वतीनं झालेलं भाषण. ज्या वाडीला येता आलं नाही तिथं हे वाचून दाखवावं.)



आयांनो, बायांनो, दादांनो आणि मागं उभ्या असलेल्या पोरांनो,

दिवाळी सरली. मुकादम वाडीवर उचल वाटून गेलेत. कुणाची गाडी उद्या निघेल, कुणाची आठ दिवसांनी. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर एकदा माणसं पांगली की पाऊस लागेपर्यंत आपली बैठक काही होत नाही. म्हणून जे बोलायचं ते आज बोलून घेऊ.

आज बिरसाची जयंती. २०२१ पासून सरकारही हा दिवस जनजातीय गौरव दिवस म्हणून पाळतं. फोटोला हार घालतं, भाषणं करतं. पण बिरसा मेला कुठं, हे त्या भाषणात सांगत नाहीत. बिरसा मेला जेलात. ३ फेब्रुवारी १९०० ला इंग्रजांनी त्याला पकडलं आणि ९ जूनला रांचीच्या तुरुंगात तो गेला. त्याचा खटला पुरा झाला नव्हता. कोर्टानं त्याला त्या केसमध्ये दोषी म्हटलं नव्हतं. आजच्या भाषेत सांगायचं तर बिरसा कच्चा कैदी होता. वय चोवीस. आम्ही जे आज इथं बोलायला उभे आहोत त्यातले बरेच त्याच वयाचे आहोत. म्हणून बिरसाच्या दिवशी आम्ही तुरुंगावर बोलायचं ठरवलं.

मागच्या बैठकीत एका आईनं प्रश्न विचारला होता. "उद्या सरकार म्हणालं, तुमच्या डोंगराच्या पायथ्याला जेल बांधायचं हाय, तर आपण काय सांगायचं?" तेव्हा उत्तर अर्धवट राहिलं. गव्हाणात तुरुंग येणार असा कागद आज नाही. पण आपल्या भागाचा अनुभव असा की कागद हातात येतो तेव्हा मोजणी होऊन गेलेली असते. मुंबई-ठाण्याचे तुरुंग भरून वाहतायत, नवे बांधले पाहिजेत, हे सरकार वरच्यावर बोलतं. आणि मुंबईची कुठलीही अडचण झाली की तिला जागा कुठं शोधतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

१९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी घेतली, त्यात आपलं गव्हाणही आलं. मग बंदर आलं, १९८९ ला सुरू झालं. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापून सपाट केला. गेल्याच महिन्यात तिथं लष्कराचं विमान उतरवून बघितलं. या जानेवारीत शिवडीहून समुद्रावरचा पूल न्हावा शेव्याला येऊन टेकला. आणि मार्चमध्ये सरकारनं उरण, पनवेल, पेणच्या १२४ गावांत आणखी एक नवं शहर वसवायची अधिसूचना काढली. एवढ्या सगळ्याला जागा मिळते. आपल्या वाडीच्या गावठाणाला मात्र चोपन्न वर्षांत जागा मिळाली नाही.

इथल्या शेतकऱ्यांनी फुकट जमीन दिलेली नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला, दास्तान फाट्याला लोक उभे राहिले. गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना निघाली. त्या हुतात्म्यांना आपण मानतो. पण आपल्या वाडीचा हिशेब वेगळा राहिला, तेही बोललं पाहिजे. साडेबारा टक्के कशाचे? नावावरच्या जमिनीचे. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याचे साडेबारा टक्के किती होतात ते कुणीही मास्तराला विचारा. शून्याचे शून्य.

आता तुरुंग आणि जमीन यांचा संबंध काय, ते सांगतो. कुणाला वाटेल, ही पोरं जमिनीची बैठक सोडून जेलाचं काय काढून बसली. तर ऐका.

आपल्या एका वाडीतला पोरगा. नाव घेत नाही, त्याच्या घरची माणसं इथं बसली आहेत. भट्टीवरून परत आला तेव्हा जवळच्या एका फार्महाऊसवरची पाण्याची मोटर चोरीला गेली होती. मालकानं सांगितलं, वाडीवरच्यांनीच नेली असणार. पोलीस वाडीवर आले आणि जो पुढं सापडला त्याला घेऊन गेले. मोटर सापडली नाही, ती आजपर्यंत सापडलेली नाही. कोर्टानं जामीन दिला. पंधरा हजाराचा जामीन आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. म्हणजे कोर्टानं सोड म्हटलं होतं. पण जामीनदाराला काय लागतं? सातबारा, नाहीतर पगाराची स्लिप, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. अख्ख्या वाडीत तिन्हीपैकी एकही नाही. ओळखीचा एक शेतकरी सातबारा घेऊन चालला होता, त्याला घरच्यांनी अडवलं, म्हणाले, कातकऱ्याला कशाला जामीन राहतोस, उद्या पळाला तर?

पोरगा आठ महिने आत राहिला. त्याच्या आईनं आम्हाला एक वाक्य सांगितलं. "सातबारा आमच्याकडं असता तर पोरगा भट्टीवर गेलाच कशाला असता?"

आणि पुढचं ऐका. त्याच आठ महिन्यांत त्याच्या वनहक्क दाव्याची जागेवर पाहणी झाली. बाप आधीच वारलेला, दावा पोराच्या नावानं. पाहणीला दावेदार हजर नाही म्हणून शेरा बसला आणि दावा नामंजूर झाला. आजानं दळीत नाचणी-वरी केली, बापानं केली. पोराचं मात्र कागदावर अतिक्रमण झालं.

आता हे चक्र नीट लक्षात घ्या. जमिनीचा कागद नाही म्हणून भट्टीवर जायचं. कुठं काही चोरीला गेलं की संशय आपल्यावर. कागद नाही म्हणून जामीनदार नाही. जामीनदार नाही म्हणून आत. आपल्यासारखे हजारो आत, म्हणून तुरुंगात गर्दी. गर्दी झाली म्हणून नवा तुरुंग. आणि नव्या तुरुंगाला जागा पाहिजे म्हणून परत नजर कुणावर? ज्याच्याकडं कागद नाही त्याच्या जमिनीवर. आमचं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे. हे चक्र तुरुंग बांधून तुटणार नाही. जिथून ते सुरू होतं तिथं, म्हणजे जमिनीच्या कागदापाशी, ते तोडावं लागेल.

हे आपल्या वाडीपुरतं नाही, पुऱ्या देशाचं आहे. केंद्र सरकारचाच तुरुंगांचा अहवाल निघतो. २०२२ च्या अखेरचे आकडे त्यात आहेत. देशातल्या सगळ्या तुरुंगांत मिळून जागा ४ लाख ३६ हजार २६६ माणसांची. आत माणसं ५ लाख ७३ हजार २२०. म्हणजे शंभराच्या जागेत एकशे एकतीस. आता यातले शिक्षा न झालेले, बिरसासारखे कच्चे कैदी किती? ४ लाख ३४ हजार ३०२. चार माणसांतली तीन. नुसत्या कच्च्या कैद्यांनीच देशातले सगळे तुरुंग जवळजवळ भरतात. सगळेच कच्चे कैदी निर्दोष आहेत, सगळ्यांना उद्या सोडा, असं आम्ही म्हणत नाही. बाईवर, पोरीवर अत्याचार करणाऱ्याला सोडा असं आपली कुठलीच बाय म्हणणार नाही. पण ज्याला कोर्टानं जामीन दिलाय आणि फक्त पैशाअभावी, जामीनदाराअभावी जो आत आहे, त्याला बाहेर काढायला नवी भिंत लागत नाही. एक अर्ज लागतो आणि तो करणारा वकील लागतो.

हे बोलणारे आपण पहिले नाही. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू संथाळ आदिवासी आहेत. २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनाला, दिल्लीत मोठमोठे न्यायाधीश समोर बसलेले असताना त्यांनी हाच विषय काढला. किरकोळ कारणावरून जेलात पडलेल्या गरिबांचं बोलल्या, आणि विचारलं की देश पुढं चाललाय म्हणता तर मग आणखी तुरुंग कशाला, असलेले कमी व्हायला पाहिजेत. देशाच्या पहिल्या नागरिकाला जे कळतं ते आपण बोललो तर आपल्याला विकासविरोधी म्हणायचं कारण नाही.

आता आपल्याच तालुक्यातल्या तुरुंगाचं. तळोजाचं मध्यवर्ती कारागृह आपल्या पनवेल तालुक्यात आहे. तिथं फादर स्टॅन स्वामी होते. झारखंडमधे आयुष्यभर आदिवासींच्या जमिनीसाठी काम केलेला म्हातारा माणूस. जमीन-जंगलासाठी बोलणाऱ्या आदिवासी पोरांना नक्षलवादी ठरवून वर्षानुवर्षं आत ठेवतात, त्या कच्च्या कैद्यांचा अभ्यास त्यांनी केला, त्यांच्यासाठी कोर्टात गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनाच रांचीहून उचललं आणि तळोजाला आणलं. हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, जामिनाची वाट बघत, चौऱ्याऐंशी वर्षांचे असताना ते गेले. त्यांचाही खटला चालला नव्हता. बिरसा रांचीच्या जेलात गेला, हा रांचीचा म्हातारा आपल्या तालुक्याच्या जेलातला कैदी म्हणून गेला. मधे एकशे एकवीस वर्षं. इंग्रज गेले. कच्चा कैदी तसाच राहिला.

आणि ज्यांना आपल्या इतिहासाची आठवण नको असते त्यांच्यासाठी चिरनेर सांगतो. चिरनेर लांब नाही. २५ सप्टेंबर १९३० ला तिथल्या अक्कादेवीच्या डोंगरावर लोक जंगल सत्याग्रहाला जमले. म्हणणं साधं होतं, जंगल आमचं आहे, लाकूडफाट्यावरची बंदी मानत नाही. गोळ्या झाडल्या गेल्या. हुतात्म्यांच्या यादीत आगरी आहेत, कोळी आहेत आणि त्यात नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. हे नाव पोरांना पाठ करायला लावा. जंगलात पाय ठेवला तर गुन्हा, हे आपल्या माथी तेव्हापासून मारलेलं आहे. त्याच्याही आधी, १८७१ ला, इंग्रजांनी कायदाच केला होता की काही जमाती जन्मानंच गुन्हेगार. सोलापूरला त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तो कायदा १९५२ ला रद्द झाला. पण मोटर चोरीला गेली की गाडी पहिली वाडीवर का येते, हे विचारून बघा. आणि आतसुद्धा जात सुटत नाही. तुरुंगात कुणी झाडू मारायचा, कुणी स्वयंपाक करायचा हे जातीवरून ठरवणारे नियम तुरुंगांच्या पुस्तकांत होते. सुप्रीम कोर्टानं ते रद्द केले ते या ३ ऑक्टोबरला. म्हणजे दीड महिन्यापूर्वी.

आता वाडीवर जे दोन प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं देतो. ते प्रश्न खरे आहेत, टाळायचे नाहीत.

पहिला प्रश्न. आत माणसं एकमेकांवर पडून झोपतात, आपलीच पोरं आहेत ती, मग जागा वाढवली तर वाईट काय? प्रश्न रास्त आहे. संडासाला रांग, पाण्याला रांग, आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायला पोलीस पार्टी नाही. जो आठ महिने राहून आला त्यानं आम्हाला हे सांगितलंय. आतल्या माणसाला पाणी, डॉक्टर, घरच्यांची भेट मिळालीच पाहिजे, ती आपलीसुद्धा मागणी आहे. पण आपण भट्टीवर बघतोच, खोपटं वाढवली की मुकादम माणसंही वाढवतो. जोवर गरिबाला जामिनावर सोडायचं काम होत नाही तोवर नवी बराकही भरणारच. आधी ज्यांना सोडता येतं त्यांना सोडा, मग मोजा किती जागा कमी पडते.

दुसरा प्रश्न. तुरुंग आला तर रस्ता येईल, लाईट येईल, पोरांना नोकरी लागेल? दादांनो, बंदर आलं तेव्हा हेच सांगितलं होतं. आज बंदराच्या रस्त्यानं रात्रंदिवस कंटेनर जातात, त्यातल्या किती गाड्यांवर आपल्या वाडीचा ड्रायव्हर आहे? तुरुंगाचा शिपाई सरकारी भरतीतून येतो. परीक्षा, मैदान, जातपडताळणी. जातीचा दाखला काढता काढता आपल्या पोरांची वयं निघून जातात. बांधकामाला ठेकेदार त्याची माणसं आणतो. आणि रस्ता, लाईट, पाणी हे तुरुंग घेतला तरच मिळेल असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? कायद्यात उलटं लिहिलंय, तेच आता सांगतो. हा भाग नीट ऐका, पोरांनी वहीत उतरवून घ्या.

आपल्याकडं २००६ चा वनहक्क कायदा आहे. आपला रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा कायदा इथं लागत नाही. कुणी सायेब म्हणाला की "तुमच्याकडं पेसा नाही, तुमच्या ग्रामसभेला काही अधिकार नाही," तर त्याला सांगायचं, पेसा नसेल, वनहक्क कायदा आहे. तो सगळ्या जिल्ह्यांना लागू आहे.

त्या कायद्याचं कलम ३, पोटकलम २. गावासाठी वनजमीन कशाकशाला देता येते त्याची यादी तिथं आहे. तेरा कामं आहेत. शाळा. दवाखाना. अंगणवाडी. रेशन दुकान. विजेच्या आणि फोनच्या तारा. तळी आणि छोटे पाणीसाठे. पिण्याच्या पाण्याची योजना. पावसाचं पाणी अडवणं. छोटे पाट. सौर वगैरे वीज. पोरांना काम शिकवायचं केंद्र. रस्ता. समाजमंदिर. एका कामाला एक हेक्टरच्या आत जमीन, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. आता सांगा, यात तुरुंग आला का? नाही. रस्ता आला, लाईट आली, पाणी आलं. म्हणजे ज्या गोष्टींचं आमिष तुरुंगाबरोबर दाखवतील त्या आपल्याला तुरुंगाशिवाय मागायचा हक्क आहे. आपण त्या मागितल्या किती वेळा? ठराव किती केले? ते आता करायचे.

वनजमिनीवर तुरुंग बांधायचा तर केंद्र सरकारच्या १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते. तिथं वनहक्कांचं काम पुरं झालं पाहिजे आणि ग्रामसभेचं म्हणणं घेतलं पाहिजे, असं २००९ ला केंद्रानंच पत्र काढून सांगितलं. २०२२ च्या नियमांनी ते ढिलं केलं, ती जबाबदारी नंतरच्या टप्प्यावर राज्य सरकारकडं ढकलली. पण वनहक्क कायदा कुणी रद्द केलेला नाही. कलम ४, पोटकलम ५ जसंच्या तसं आहे. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही वनजमिनीवरून हटवता येत नाही. म्हणून आपला दावा दाखल असणं हीच पहिली भिंत.

जमीन गुरचरण असेल तर सरकारचाच २०११ चा निर्णय आहे की दुसरी जागाच नसेल तेव्हाच सार्वजनिक कामाला गुरचरण द्यायची. आता गंमत बघा. हाच निर्णय दाखवून आपल्या वाड्यांना अतिक्रमण म्हणतात. तिथं वाडी बसली तर अतिक्रमण आणि तुरुंग बसला तर सार्वजनिक काम. आपण विचारायचं, चाळीस घरं म्हणजे सार्वजनिक नाही काय? आणि जमीन कुणाच्या मालकीची असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. त्यात आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी आहे. त्या सुनावणीला नावावर जमीन नसलेल्यालाही, त्या जमिनीवर पोट भरणाऱ्यालाही बोलता येतं. गप्प बसायचं नाही.

ग्रामसभेनं नाही म्हटलं तर काय फरक पडतो, असं म्हणणारे आहेत. ओडिशात नियमगिरीचा डोंगर एका मोठ्या कंपनीला बॉक्साईटसाठी पाहिजे होता. सुप्रीम कोर्टानं १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं, ग्रामसभांना विचारा. डोंगरिया कोंध आदिवासींच्या बारा ग्रामसभा झाल्या, बाराच्या बारा नाही म्हणाल्या. डोंगर तिथंच आहे. लांब कशाला, आपल्या शेजारी बघा. पेण, उरण, पनवेलच्या पंचेचाळीस गावांत महामुंबई सेझ येणार होता. २१ सप्टेंबर २००८ ला पेणमध्ये हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सरकारला मतदान घ्यावं लागलं. शेतकऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. सेझचं संपादन बारगळलं. तिथं शेतकरी होते, हातात सातबारा होता, एकी होती. आपल्याकडं एकी आहे, सातबारा नाही. म्हणून परत तेच सांगतो, आधी पट्टा.

पट्ट्याबद्दलही एक गोष्ट सरळ सांगतो, कुणाचा गैरसमज नको. वनहक्काचा पट्टा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. तो दाखवला की कोर्ट लगेच जामीनदार मानेल असं नाही. पण माणूस कुठं राहतो, काय कसतो, त्याची मुळं कुठं आहेत याचा तो सरकारी पुरावा आहे. आणि सुप्रीम कोर्टानं फार पूर्वी सांगितलंय की गरिबाला सोडताना नुसता पैसा बघू नका, त्याची मुळं गावात आहेत का ते बघा. १९७८ ची केस आहे, मोतीराम नावाच्या गवंड्याची, मध्य प्रदेशातली. दहा हजाराचा जामीनदार मागितला. भाऊ जामीन राहायला आला तर म्हणाले, तुझी मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते मोडून काढलं. शेहेचाळीस वर्षं झाली. आपल्या वाडीच्या पोरापर्यंत तो निकाल पोचला नव्हता. आता पोचवायचा.

म्हणून आत असलेल्यांसाठी हे लक्षात ठेवा.

आदिवासी माणसाला कोर्टात वकील फुकट मिळतो. १९८७ चा कायदा आहे, कमाई किती हेही विचारत नाहीत. पनवेलच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, अलिबागला जिल्ह्याची आहे. जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगाच्या अधीक्षकानं विधी सेवावाल्यांना कळवायचं, आणि महिना उलटला तर कोर्टानं स्वतःहून अट सैल करायचा विचार करायचा, असं सुप्रीम कोर्टानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राची योजना आहे, ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे सरकार भरतं. पण काही मोठ्या कायद्यांखालच्या केसेसना ती नाही. आणि या १ जुलैपासून नवा कायदा आलाय, त्याचं कलम ४७९. पहिलाच गुन्हा असेल तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायचं, बाकीच्यांना निम्म्या काळानंतर. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते नाही, एकापेक्षा जास्त केसेस असतील तरी नाही. जुन्या केसेसनाही ते लागू आहे असं कोर्टानं ऑगस्टमध्ये सांगितलं. आपला तो पोरगा शेवटी असाच सुटला. विधी सेवेच्या वकिलानं अर्ज केला, कोर्टानं जातमुचलक्यावर सोडलं. एका अर्जाचं काम होतं. त्याला आठ महिने लागले, कारण अर्ज करता येतो हेच आपल्याला ठाऊक नव्हतं.

आता संघटनेच्या मागण्या. २० तारखेला मतदान आहे, उमेदवार वाडीवर येतायत. कुणाला मत द्यायचं ते आम्ही सांगणार नाही. पण जो येईल त्याच्यापुढं हा कागद ठेवायचा आणि तोंडानं उत्तर घ्यायचं.

१. वाड्यांचे सगळे प्रलंबित आणि नामंजूर वनहक्क दावे परत तपासा. दावेदार तुरुंगात होता किंवा स्थलांतरावर होता म्हणून फेटाळलेला एकही दावा तसा ठेवू नका.

२. ज्या वाड्यांना गावठाण नाही त्यांचं गावठाण जाहीर करा. महसूल कायद्याच्या कलम १२२ खाली कलेक्टरला तो अधिकार आहे.

३. रायगडच्या वाड्यांची वनजमीन, दळी आणि गुरचरण तुरुंगासाठी किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रकल्पासाठी ग्रामसभेला विचारल्याशिवाय देऊ नका.

४. नवा तुरुंग बांधायच्या आधी, जामीन मंजूर होऊनही आत असलेल्यांची यादी प्रत्येक तुरुंगावर लावा आणि त्यांना सोडा.

आणि वाडीनं स्वतः करायची कामं.

१. भट्टीवर जायच्या आधी दाव्याची पोच, नकाशा, पुरावे यांच्या दोन प्रती काढा. एक घरी नको, घर बंद असतं. एक वनहक्क समितीकडं, एक संघटनेकडं. दाव्यात नवरा-बायको दोघांची नावं आहेत का ते बघा.

२. दावा नामंजूर झाला असेल तर लेखी कारण मागा. कळल्यापासून साठ दिवसांत उपविभागीय समितीकडं अपील करता येतं, तिथं नाही झालं तर जिल्हा समितीकडं. साठ दिवस भट्टीवर कधी जातात कळत नाही, म्हणून घरातलं एक माणूस नेमून ठेवा.

३. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात आणि त्यात एक तृतीयांश बाया. म्हणून पुढची ग्रामसभा माणसं भट्टीवरून परतल्यावरच लावा. ऐन स्थलांतरात सभा दाखवून कुणी तुरुंगाला किंवा कशालाही संमती लिहून घेतली तर ती आपली संमती नाही, असा ठराव आजच करा.

४. प्रत्येक वाडीनं आपल्यातलं कोण आत आहे, किती दिवस, कुठल्या कलमाखाली, जामीन झाला का, याची वही करा. लाज धरू नका. आत गेला म्हणजे चोर झाला असं नाही.

आयांनो, बायांनो, आपल्याला कुणी विचारलं की तुमचा तुरुंगाला विरोध का, तर लांबलचक भाषण करू नका. एवढंच सांगा. साहेब, आमच्या वाडीला जागा द्यायला चोपन्न वर्षांत जमीन सापडली नाही. मग आमच्या पोरांना कोंडायला ती कशी सापडते? आधी आमचं घर आणि दळी आमच्या नावावर करा. पोरगा भट्टीऐवजी आपल्या शेतावर राहील, पोरं शाळेत राहतील. मग बघा तुमच्या तुरुंगाला किती माणसं उरतात.

ज्यांची गाडी उद्या आहे त्यांनी कागदांच्या प्रती काढल्याशिवाय गाडीत बसू नका. झेरॉक्सचे पैसे नसतील तर इथं पोरं बसली आहेत, त्यांच्याकडं कागद द्या, ती काढून आणतील. भट्टीवर कुणी मारलं, डांबलं, पोरगी आजारी पडली तर फोन करा, नंबर तुमच्याकडं आहे.

बिरसा मुंडा जिंदाबाद!
नाग्या कातकरी अमर रहे!
जंगल आमचं, जमीन आमची, पट्टा आमच्या हक्काचा!
जिंदाबाद!